शवासनाने रक्तदाब उतरतो, पण कशाच्या तुलनेत?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता शवासन. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासन शिकवलं होतं. उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं, पोटाने संथ श्वास घ्यायचा आणि नाकपुडीशी आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांकडे लक्ष ठेवायचं, एवढंच. या निबंधाच्या लेखकांमध्ये लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे एस. एल. विनेकरही होते. परळचं रुग्णालय आणि लोणावळ्याचा आश्रम एकाच कागदावर आले, हे तेव्हा नवलाचंच होतं.

निकाल डोळ्यांत भरणारे होते. ज्यांना औषध चालू नव्हतं अशा दहा जणांचा सरासरी धमनीदाब १३४ वरून १०७ वर आला. हा ‘सरासरी दाब’ म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश. या हिशेबाने १८०/११० च्या आसपासचा रुग्ण १४०/९० च्या आसपास आला असं समजायला हरकत नाही. ज्यांचा दाब गोळ्यांनी आटोक्यात होता, त्यांच्यातल्या साधारण साठ टक्के रुग्णांना मूळ मात्रेच्या एक तृतीयांशाहून थोडी कमी गोळी पुरू लागली. एखाद्या नव्या औषधाने असं करून दाखवलं असतं तर कंपनीने पेढे वाटले असते.

आज पन्नासहून अधिक वर्षांनी तेच शवासन, तेच संथ श्वसन आणि त्याच धर्तीचं शिथिलीकरण काटेकोर चाचण्यांत घातलं, तर उतरणारा आकडा बहुधा चार-पाच मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. सत्तावीस कुठे आणि चार कुठे? हा फरक का पडला याचं उत्तर शोधणं हाच या विषयाचा खरा आढावा आहे. आधीचे लोक खोटं सांगत होते असं अजिबात नाही. मोजण्याची पद्धत बदलली, आणि तुलनेला कोणाला बसवायचं हेही बदललं.

तसं पाहिलं तर योगाची मोजणी महाराष्ट्रात बरीच आधी सुरू झाली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. १९२६ च्या अंकांत त्यांचे रक्तदाबावरचे प्रयोग आहेत: सर्वांगासनात, मत्स्यासनात, शीर्षासनात दाबाचं काय होतं ते त्यांनी पट्टा बांधून पाहिलं. रक्तदाब हा शब्द घराघरांत पोहोचण्याआधीची ही गोष्ट. पण कुवलयानंदांचा रस प्रामुख्याने निरोगी माणूस आसन करत असताना काय होतं यात होता. आजारी माणसाला आसन देऊन महिनाभराने काय होतं, हा दात्यांचा प्रश्न होता. शवासन स्वतः तर ‘हठप्रदीपिके’त आहेच, आणि तिथेही ते थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हणून आलं आहे. रक्तदाबाशी त्याची गाठ विसाव्या शतकाने घातली.

ताणाने दाब वाढतो हे आपण रोज अनुभवतो, पण शरीर ते नेमकं कसं करतं हे पाहण्यासारखं आहे. संकटाची चाहूल लागली की मेंदूतला हायपोथॅलॅमस सिंपथेटिक मज्जातंतूंना जागं करतो. ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात आणि भरभर ठोके देतं. आतडी, मूत्रपिंडं आणि कातडी यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात; स्नायूंकडच्या मात्र उघडतात. वाघ समोर असता तर ही तयारी अगदी योग्य होती. प्राहा शहरातले यान ब्रोड यांनी १९५९ साली लोकांना नुसती तोंडी वजाबाकी करायला लावून हेच सगळं घडताना मोजलं. त्यांच्या कामातला खरा चटका पुढे आहे: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हीच मांडणी स्वस्थ बसलेले असतानाही दिसत होती. म्हणजे आकडेमोड सुरू होण्याआधीच त्यांचं शरीर आकडेमोड करत असल्यासारखं वागत होतं.

ताण मोजायला प्रयोगशाळेत दोन-तीन ठरलेल्या युक्त्या असतात. तोंडी हिशेब ही एक. दुसरी म्हणजे हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि दाब किती वर जातो व किती वेळाने उतरतो ते पाहायचं. ही गार पाण्याची चाचणी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हाइन्स आणि ब्राऊन यांनी १९३० च्या दशकात रूढ केली. आणि एक चाचणी अशी आहे की ती कोणी मुद्दाम करत नाही: डॉक्टर खोलीत येणं. मिलानच्या ज्युसेप्पे मांचिया यांच्या चमूने १९८३ मध्ये रुग्णांच्या धमनीत नळी घालून दाब सलग नोंदवला आणि मग डॉक्टरला पट्टा घेऊन आत पाठवलं. वरचा आकडा सरासरी २७ ने आणि खालचा १५ ने चढला. सगळ्यात मोठी उडी पहिल्या चार मिनिटांत दिसली आणि दहा मिनिटांनी दाब बराचसा मूळ पदावर आला. दात्यांच्या ‘सत्तावीस’कडे या ‘सत्तावीस’च्या शेजारी ठेवून पाहिलं की भुवया उंचावतात. दोन्ही आकडे एकाच जातीचे नाहीत, एक सरासरी दाब आहे तर दुसरा फक्त वरचा आकडा, पण प्रश्न मनात येतोच. रुग्ण महिनाभर रोज त्याच खोलीत आला, त्याच माणसाने हसून पट्टा बांधला, भीती गेली. यातलं किती शवासनाने आणि किती सवयीने?

त्यात आणखी एक गोम आहे. ज्याचा दाब त्या दिवशी नेमका खूप चढलेला असतो, त्यालाच अभ्यासात घेतलं जातं. अशा माणसाला काहीही न करता पुढच्या खेपेला मोजलं तरी आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तुलनेचा गट हवा. दात्यांच्या अभ्यासात तो नव्हता. १९६९ च्या मानाने तो दोष मोठा म्हणता येणार नाही, पण पुढच्या सगळ्या वादाची ठिणगी तिथेच पडली.

हा वाद सर्वांत गंभीरपणे अंगावर घेतला तो लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी. मोठं रुग्णालय नाही, प्रयोगशाळा नाही. आपल्याच दवाखान्यातले रुग्ण. त्यांनी शवासनासारख्या शिथिलीकरणाला ध्यानाची आणि एका छोट्या यंत्राची जोड दिली. कातडीवरचा घाम आणि पर्यायाने तिचा विद्युत-रोध टिपून ते यंत्र आवाज काढी. माणूस सैलावला की आवाज खाली येई. आपण सैलावत आहोत हे रुग्णाला स्वतःच्या कानाने कळे. याला बायोफीडबॅक म्हणतात. १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी २० रुग्णांचा निकाल छापला: दाब सरासरी १६०/१०२ वरून १३४/८६ वर, पाच जणांची औषधं बंद, सात जणांची बरीच कमी.

टीकाकारांनी तुलनेचा गट मागितला. पटेल यांनी तो दिला. बारा महिन्यांच्या पाठपुराव्यात त्यांनी वय आणि लिंग जुळणारे रुग्ण निवडले आणि त्यांचाही दाब तितक्याच मनोभावे मोजला. नुसतं वारंवार मोजणं आणि लक्ष देणं यांनी दाब विशेष उतरला नाही. मग १९७५ मध्ये डब्ल्यू. आर. एस. नॉर्थ यांच्याबरोबर ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी. योग-बायोफीडबॅक गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. तुलनेच्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. मग त्या दुसऱ्या गटालाही तेच शिकवलं आणि त्यांचाही दाब पहिल्या गटाच्या पातळीला गेला. एका जनरल प्रॅक्टिशनर बाईने एकहाती उभारलेला हा पुरावा आजही वाचताना आदर वाटतो.

पण माझ्या मते पटेल यांचा सर्वांत मोलाचा निबंध वेगळाच आहे, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो. १९७५ सालीच ‘क्लिनिकल सायन्स अँड मॉलिक्युलर मेडिसिन’मध्ये त्यांनी ३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विश्रांतीच्या वेळचा दाब किती उतरला, यापेक्षा ताण आल्यावर दाब कसा वागतो याकडे त्यात लक्ष होतं. चिठ्ठ्यांनी दोन गट केले. प्रशिक्षणाआधी आणि नंतर सगळ्यांना व्यायामाची चाचणी आणि गार पाण्याची चाचणी दिली. शिथिलीकरण शिकलेल्यांचा दाब ताणाखाली कमी उसळला, आणि महत्त्वाचं म्हणजे लवकर मूळ जागी परतला. दाब चढतो यात काही चुकीचं नाही, तो चढायलाच हवा. घोटाळा होतो तो चढून तिथेच बसला तर.

हाच धागा भारतात पाँडिचेरीच्या जिपमर संस्थेत डॉ. मदनमोहन आणि सहकाऱ्यांनी उचलला. २००२ साली त्यांनी सुदृढ तरुणांना गार पाण्याची चाचणी दिली, एकदा नेहमीच्या स्थितीत आणि एकदा शवासनात. शवासनात हृदयाचे ठोके आणि दाब यांची वाढ कमी भरली. संख्या अगदी लहान होती आणि कोणी रुग्णही नव्हता, त्यामुळे त्यावर इमला बांधू नये. दिशा मात्र क्रॉयडनचीच होती.

यानंतरचा प्रसंग ॲमस्टरडॅमचा. तिथल्या जी. ए. व्हान मॉन्टफ्रान्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास छापला, आणि शिथिलीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांची बोलती काही काळ बंद झाली. सौम्य रक्तदाबाचे ३५ रुग्ण, पूर्ण वर्षभर. एका गटाला स्नायूंचं शिथिलीकरण, योगाचे व्यायाम आणि ताण हाताळण्याचं शिक्षण. दुसऱ्या गटाला नुसतं आरामात बसून राहायचं. मोजणी दवाखान्यातल्या पट्ट्याने नव्हे, धमनीत नळी घालून चोवीस तास, रुग्ण आपल्या कामाधंद्यात असताना. दोन गटांमध्ये काही फरक दिसला नाही. स्वस्थ बसणाऱ्यांचंही तितकंच झालं, म्हणजे जवळपास काहीच नाही.

या निकालाचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्ही लोकांनी लावले. एक: सगळा खेळ दवाखान्याच्या भीतीचा होता, शिथिलीकरणाने माणूस डॉक्टरसमोर शांत व्हायला शिकतो, बाहेर काही बदलत नाही. दोन: या रुग्णांचा दाब मुळातच फारसा चढलेला नव्हता, त्यामुळे उतरायला जागाच नव्हती. मला दुसऱ्यात थोडं तथ्य वाटतं. पण पहिला अर्थ झटकून टाकता येत नाही, आणि योगावर लिहिणारे बरेचजण तो झटकून टाकतात.

पुढे संशोधकांनी चाचण्या एकत्र करून गणित मांडलं. १९९३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २६ चाचण्या तपासून सांगितलं की शिथिलीकरणासारखे उपाय काहीच न करण्यापेक्षा बरे, पण लुटुपुटीच्या उपचारापेक्षा किंवा स्वतः दाब मोजत राहण्यापेक्षा सरस नाहीत. २००८ च्या कोक्रेन आढाव्यात २५ चाचण्या आणि १,१९८ रुग्ण होते. सरासरी घट ५.५ आणि ३.५ मिलिमीटर. मात्र लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना असलेल्या चाचण्यांतच पाहिलं तर वरच्या आकड्यातली घट ३.५ वर आली आणि तीही योगायोगाची असू शकते इतकी अनिश्चित. खास योगाचा आढावा मार्शल हॅगिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतला. १७ अभ्यासांत सरासरी घट ४.२ आणि ३.६, आसनं, प्राणायाम आणि ध्यान तिन्ही असलेल्या वर्गांत ८.२ आणि ६.१. पण तुलना व्यायामाशी केली की योगाचं वरचढपण संपत होतं. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने औषधाविना उपायांवरच्या निवेदनात रक्तदाब उतरवण्यासाठी योगाची शिफारस करायला नकार दिला. भावातीत ध्यानाला कमकुवत का होईना, पण होकार मिळाला. याचं वाईट वाटलेल्यांची संख्या आपल्याकडे मोठी होती.

या सगळ्यात श्वासाचं काय, हा भाग मला सर्वांत भक्कम वाटतो. इटलीतल्या पाव्हियाचे लुचानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली ‘आवे मारिया’ जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा तिबेटी ‘मणि पद्मे’चा मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या लयीत आला. आणि मानेतल्या व छातीतल्या धमन्यांमध्ये बसलेले दाबाचे संवेदक, ज्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात, अधिक तल्लख झाले. दाब वाढला की हे संवेदक मेंदूला कळवतात आणि हृदयाला लगाम लागतो. रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये ही यंत्रणा बोथट झालेली असते. २००५ मध्ये त्याच गटाने हे २० रुग्णांवर तपासलं. मिनिटाला सहा श्वासांनी वरचा आकडा सुमारे १५० वरून १४१ वर आला, खालचा ८३ वरून ७८ वर, आणि बॅरोरिसेप्टरची संवेदनक्षमता वाढली. मिनिटाला पंधरा श्वासांच्या लयीत श्वास घ्यायला लावला तेव्हा ती वाढली नाही. ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र यांचं हृदयावर एकच फलित निघावं, यावर दोन्ही बाजूंच्या कट्टरांनी विचार करायला हरकत नाही.

ही यंत्रणा लक्षात घेतली की पटेल यांच्या ताणाच्या प्रयोगाला आधार मिळतो. संवेदक तल्लख असेल तर दाबाची उसळी लवकर लगामात येणार. आणि जर्मनीत होल्गर क्रामर यांनी २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीचाही उलगडा होतो. औषध चालू असलेल्या ७५ रुग्णांचे तीन गट: आसनांसह योग, आसनांविना योग म्हणजे श्वसन, ध्यान आणि शिथिलीकरण, आणि तिसरा नुसता थांबलेला. बारा आठवड्यांनी चोवीस तासांच्या नोंदीत वरचा आकडा उतरला तो आसनांविना योग करणाऱ्यांचा. घट जेमतेम चार मिलिमीटरची होती, पण ॲमस्टरडॅमप्रमाणे ती दिवसभराच्या नोंदीत मोजलेली होती, दवाखान्यात नव्हे.

चार मिलिमीटर ऐकून नाक मुरडू नये. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये साडेतीन लाखांच्या घरात रुग्ण असलेल्या ४८ औषधचाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात वरचा आकडा पाच मिलिमीटरने उतरला की हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी घटतात असं दिसलं. ते गोळ्यांमुळे झालेल्या घटीबद्दल आहे. शिथिलीकरणाने उतरलेले चार मिलिमीटर तसेच कामाला येतात की नाही, हे मरणाच्या आणि झटक्यांच्या संख्येत मोजणारी मोठी चाचणी योगाच्या क्षेत्रात झालेली नाही. पटेल यांनीच त्या दिशेने एक पाऊल टाकलं होतं: मायकेल मार्मट यांच्यासह १९८५ मध्ये छापलेल्या अभ्यासात कारखान्यातल्या १९२ स्त्री-पुरुषांपैकी एका गटाला आठवड्याला एक तास असे आठ आठवडे शिथिलीकरण शिकवलं होतं, आणि चार वर्षांनीही त्यांचा दाब तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. आठ तासांच्या शिकवणीचा चार वर्षं टिकलेला परिणाम! मला तरी हा या क्षेत्रातला सर्वांत विचार करायला लावणारा आकडा वाटतो, आणि त्याची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झालेली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

ताणाची उसळी आणि तिचं सावकाश उतरणं यांचा पुढच्या आजाराशी संबंध आहे का? योइची चिदा आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी २०१० मध्ये अनेक वर्षं चाललेले अभ्यास एकत्र पाहिले. जास्त उसळणाऱ्यांना आणि उशिरा सावरणाऱ्यांना पुढे धोका जास्त, असं निघालं. पण संबंध सौम्य. म्हणजे ताणाला रक्तदाबाचा एकमेव बाप ठरवणं चूक. मीठ, वजन, वय, आनुवंशिकता, दारू आणि मूत्रपिंडं यांचा वाटा मोठा आहे. माणूस कितीही शांत झाला तरी रोजचं लोणचं-पापड आपलं काम करत राहणार.

आता दवाखान्याच्या दाराशी येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा दाब वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असल्याचं आढळलं. यातल्या अनेकांना आपल्याला काही झालंय हेच माहीत नसतं, कारण दाब दुखत नाही. अशा रुग्णाला ‘शवासन करा, बरं वाटेल’ म्हणून पाठवलं की त्याला खरोखर बरं वाटतं, आणि महिन्याभरात तो गोळी सोडतो. दाते आणि पटेल यांच्या रुग्णांची मात्रा कमी झाली होती ती डॉक्टर नियमितपणे दाब मोजत असताना. घरी स्वतःच्या अंदाजाने गोळी तोडणं हे वेगळंच प्रकरण. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिनसारखी औषधं एकदम थांबवली तर दाब उलटून उसळू शकतो.

दुसरी गफलत म्हणजे सगळा योग एकाच पिशवीत टाकणं. शीर्षासनाची, श्वास रोखून जोर लावण्याची किंवा जोरकस कपालभातीची गोष्ट शवासनाहून वेगळी आहे; दाब आटोक्यात नसलेल्या माणसाने पहिल्या प्रकारांपासून लांब राहावं, असं अनुभवी योगशिक्षकही सांगतात. वरच्या पुराव्यात जे टिकलं ते शांतपणे पडणं, सावकाश श्वास आणि मनाला एका जागी बसवणं एवढंच आहे.

सरकारी यंत्रणेच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न अधिकच ठोस होतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात महाराष्ट्र सुरुवातीच्या राज्यांपैकी होता, प्राथमिक केंद्रातली नर्स ठरलेल्या टप्प्यांनी गोळी देते, नोंद ठेवते, आणि न आलेल्या रुग्णाला शोधते. गोळीला खोली लागत नाही. शवासनाच्या वर्गाला चटई, अर्धा तास, शांत कोपरा आणि शिकवणारा माणूस लागतो. पटेल यांच्या आठ तासांच्या शिकवणीच्या धर्तीवर असा वर्ग एखाद्या तालुक्याच्या केंद्रांत चालवायचा, चोवीस तासांच्या यंत्राने मोजायचा, आणि तुलनेला तितकाच वेळ आरोग्यशिक्षणाचा वर्ग ठेवायचा, एवढी एक चाचणी केली तर दात्यांचा सत्तावीसचा आकडा आणि कोक्रेनचा साडेतीनचा आकडा यांच्यातलं अंतर आपल्या मातीत तरी मोजता येईल. परळ आणि लोणावळा आजही तीन तासांच्या आत आहेत.